टक, टक-टक

माझा मामा कुलपांचा कारागीर. किल्ली फिरवून बघायची आणि मग छोट्या हातोडीने कुलपावर टक, टक-टक करायचं, तेव्हा कुठे त्याचं काम संपायचं. मामी म्हणायची, "कुलपाला शाबासकी देऊन झाली असेल तर जेवायला या."

त्यांचा एकुलता एक मुलगा 'आम्हाला मत देऊ द्या' असा फलक घेऊन चौकात उभा राहिला. पोलिसांनी भरदिवसा उचलला. ठाण्यात विचारलं, तर म्हणे असा कुणी आलाच नाही. कोर्टांनी तेच खरं मानलं. मामी झुरून झुरून गेली.

मग एक वकीलबाई भेटल्या. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाचीही सही आहे म्हणाल्या. माणसाला पकडलं तर न्यायाधीशापुढे उभं करायचं, छळायचं नाही, लपवायचं नाही. मला हसूच आलं. सही करायला यांच्या बापाचं काय जातं?

"इथली सगळी दारं बंद झाली, तरच त्या कराराची संयुक्त राष्ट्रांतली समिती ऐकते," बाई म्हणाल्या.

"बंद दारांचाच तर माझा धंदा," मामा म्हणाला आणि त्याने तक्रार केली.

कित्येक वर्षांनी निकाल लागला. सरकार दोषी. बाई दुकानातच वाचून दाखवत होत्या. मुलाबरोबर कोंडलेल्या एकाची साक्ष त्यात होती.

"आम्हाला गोदामाच्या तळघरात ठेवलं होतं. एकदा दाराचं कुलूप बिघडलं म्हणून कारागीर आणला. काम झाल्यावर बाहेरून टक, टक-टक असा आवाज आला. माझ्या शेजारचा हा मुलगा ताडकन उठून बसला. 'बाबा आहेत,' म्हणाला. मी म्हटलं, हाक मार. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. 'त्यांनाही आत घेतील,' म्हणाला. पुढे त्याला घेऊन गेले, तो परत आलाच नाही."

बाईंना पुढे वाचवेना. मलाही रडू आवरेना.

"आत माल आहे म्हणाले होते," मामा म्हणाला. "मी कुलूप चांगलं घट्ट बसवून दिलं."

सरकारने निकालाची नोंद घेतल्याचं कळवलं. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मामाने दुकान उघडलं. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकलेलं कुलूप न्यायला आलं. मामाने किल्ली फिरवून बघितली आणि कुलूप पुढे सरकवलं. हातोडीला हात लावला नाही.

"झालं का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

मामा म्हणाला, "आत कुणी आहे का, ते बघून लावा."