उशिराचं कारण

पहिलीत मुलं काय शिकतात, असं विचारलं की लोक हौसेनं बाराखडी आणि पाढे सांगतात. मी पहिलीत खोटं बोलायला शिकले, आणि त्याबद्दल माझ्या डोक्यावरून हातही फिरवला गेला.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमचं घर खाडीकाठच्या सारसोळे गावात, शाळा मात्र नव्या वसाहतीत. वर्गातली बहुतेक मुलं बिल्डिंगमधली, त्यांच्या घरी भिंतीवर घड्याळ. आमच्याकडे खाडीचं पाणी उतरलं की आई चिखलात शिंपल्या काढायला जायची, आणि ती परत येईपर्यंत तान्ही बहीण माझ्या मांडीवर. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे सोमवारी मी प्रार्थनेला हजर, मंगळवारी अर्धा तास उशिरा, बुधवारी त्याहून उशिरा आणि पुढचे दोन-चार दिवस गैरहजर. बाईंना हा सगळा माझा लहरीपणा वाटायचा.

एकदा त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ आणलं. घरून किती वाजता निघता ते काटे फिरवून दाखवा, म्हणाल्या. सगळ्यांनी सात वाजवले. मी आजची वेळ लावली, मग काटा पाऊण तास पुढे नेला आणि म्हटलं, "ह्ये उद्याचं."

"उद्याचं तुला आजच कसं कळलं?"

"आय खाडीवर जाते. पानी उद्या उशिरा उतरंल."

वर्ग हसला. बाईही हसल्या. मुलांना मी केव्हाच माफ केलं, बाईंना अजून नाही. हसून झाल्यावर त्यांनी तळहातावर दोन पट्ट्या मारल्या आणि बजावलं, पुन्हा उशीर झाला तर दुसरीत घालणार नाही. दुसरीत पाटी जाऊन वही मिळायची. मला त्या वहीनं वेड लावलं होतं.

पुढच्या उशिराच्या दिवशी बाईंनी कारण विचारलं. पट्टी त्यांच्या हातातच होती. मी म्हटलं, "झोपले होते."

"आई उठवत नाही?"

मी मान हलवली. नाही.

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांना म्हणाल्या, "या लोकांना पोरांची काही पडलेलीच नसते हो." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगितलं तेव्हा मार, आणि त्यांना आधीच ठाऊक असलेलं सांगितलं तेव्हा माया. सहा वर्षांच्या पोरीला एवढं कळायला वेळ लागत नाही. वर्षभर मी तेच कारण दिलं. बाई चुकलेला धडा जवळ बसवून पुन्हा शिकवायच्या.

निकालाला पालकांना बोलावलं होतं. आई खाडीवरून थेट आली. टोपली फाटकाबाहेर ठेवलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, हातांवर शिंपल्यांचे ओरखडे. पहाटेपासून ती पाण्यात होती.

"दुसरीत घातलंय तिला," बाई म्हणाल्या, "पण सकाळी जरा वेळेवर उठवत जा. आईच झोपून राहिली तर पोरीनं काय करायचं? वर्षभर तीच सांगतेय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी निकालपत्राकडे पाहत राहिले. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं, पण दुसरी हातातून जाईल या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

आईनं पदर सारखा केला.

"हां बाई," ती म्हणाली, "चुकलं माजं."