बंद मीटरचा हिवाळा

गॅस महाग झाला त्या वर्षी बाबा पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे आले. आई जाऊन सहा महिने झाले होते. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये त्यांना एकट्याला ठेवायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. व्हिसा, विमा, म्युनिकच्या विमानतळावरून घरापर्यंत गाडी, सगळं मी चोख केलं. घर तेवढं गरम ठेवलं नाही. आम्ही इंगोलश्टाटच्या बाहेर एका गावात भाड्याच्या घरात राहतो. तळघरात गॅसचा बॉयलर आहे आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर मीटर.

आधीचे दोन हिवाळे आम्ही घरात टीशर्टवर वावरलो होतो. त्या वर्षी मात्र ऑफिसात, बातम्यांत, शेजाऱ्यांच्या फाटकाशी गॅस वाचवायचा एकच विषय होता, आणि मला चेवच आला. थर्मोस्टॅट मी साडेसतरावर आणला, प्रत्येक खोलीत एक छोटं थर्मामीटर ठेवलं आणि रोज सकाळी त्यांचे आकडे एक्सेलमध्ये भरायला लागलो. पुण्याच्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही, पण तिचा आलेख काढायला मिळाला की त्याला आणखी काही नको असतं. मला तर अगदी देशसेवा केल्यासारखं वाटत होतं, देश कुठला ते विचारू नका.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन स्वेटर, कानटोपी आणि आईची जुनी शाल अशा थाटात ते दिवसभर दिवाणखान्यात बसायचे, ऊन खिडकीतून सरकलं की खुर्ची सरकवायचे. बायको म्हणाली, निदान बाबांच्या खोलीत तरी वाढव. मी तिला एकच खोली तापवली तर बाकीच्या भिंतींना बुरशी कशी लागते, यावर व्याख्यान दिलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. एकदा नाश्त्याला तिनं जर्मनमध्येच मला सांगितलं, आजोबांना थंडी वाजतेय, त्यांचा हात धरून बघ. मी हात धरला नाही. बाबांना जर्मन येत नव्हतं, पण नातीनं बोट दाखवलं त्यावरून ते समजले आणि म्हणाले, "चालतंय गं, सवय होते."

जानेवारीत ते रोज फिरायला जायला लागले. बाहेर शून्याच्या खाली तापमान आणि हे दोन-दोन तास बाहेर. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचो की बाबांनी तब्येत काय ठेवलीय बघा. मग ऑफिसातल्या एका नाशिककर सहकाऱ्यानं सांगितलं की बाबा त्याला सुपरमार्केटमधल्या बेकरीत दिसतात, एक कॉफी घेऊन कोपऱ्यात हीटरशेजारी बसलेले. मी हसलो. बाबांना कंपनी लागते, म्हटलं. त्या बेकरीत मराठीच काय, इंग्रजी बोलणारंही कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं.

मार्चमध्ये बाबा परत गेले. एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे मीटरचा आकडा स्वतः वाचून गॅस कंपनीच्या साइटवर भरायचा होता. तळघरात गेलो आणि आकडा बघून थक्क झालो. गेल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी गॅस! मी त्या मीटरचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. इथल्या मराठी मंडळींनी गणपतीत मला बाजूला घेऊन हे कसं जमवलं ते विचारलं, आणि मी प्रसादाची वाटी हातात धरून अर्धा तास समजावत राहिलो. बाबांनी ग्रुपवर तीन अंगठे पाठवले होते.

मी पोटासाठी काय करतो तेही सांगायला हवं. गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी सेन्सर तपासतो. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी पहिल्या दिवशी सांगतो की आकडा फार चांगला आला तर आनंद मानू नका, आधी सेन्सर बिघडलाय का ते बघा. घरी तो नियम मला आठवला नाही. आकडा माझ्या शहाणपणाचा होता ना.

ऑक्टोबरमध्ये मीटरची मुदत संपली म्हणून तो बदलायला माणूस आला. त्यानं बॉयलर सुरू करायला सांगितला, गुडघ्यावर बसून दोन मिनिटं मीटरकडे बघितलं आणि मला म्हणाला की हा थांबलाय, बहुतेक बऱ्याच महिन्यांपासून. गॅस जातोय, चाकं फिरत नाहीत. पुढे कंपनीचं पत्र आलं. मीटर सदोष असल्यामुळे त्या वर्षीचा वापर आधीच्या दोन वर्षांच्या सरासरीनं धरण्यात येत आहे, दर मात्र त्या वर्षीचा. म्हणजे टीशर्टवर काढलेले हिवाळे त्यांनी उचलले आणि कानटोपीच्या हिवाळ्यावर ठेवले.

मी चिडलो. आम्ही जी ऊब घेतलीच नाही तिचे पैसे का भरायचे? एक्सेलचा छापील गठ्ठा घेऊन मी त्यांच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी सगळी पानं शांतपणे उलटली. त्या म्हणाल्या की हे आकडे तुम्हीच लिहिलेत. घराबाहेरचं कुणी त्या हिवाळ्यात तुमच्याकडे राहिलं होतं का? त्यांनी घर थंड होतं असं सही करून लिहून दिलं, तर विचार करता येईल.

मला इतका आनंद झाला की मी पार्किंगमधूनच बाबांना फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. मी जर्मनमध्ये मजकूर लिहून पाठवतो, खाली मराठीत अर्थही देतो, तुम्ही फक्त सही करून फोटो पाठवा. घरात साडेसतरा अंश होते, मला दोन स्वेटर घालून बसावं लागायचं, एवढंच तुमच्या नावानं लिहून द्यायचंय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "हे मी नाही लिहून देणार."

मी म्हटलं, बाबा, यात खोटं काहीच नाही.

"खोटं नाहीच. पण मी इथे सगळ्यांना सांगितलंय की मुलानं घर इतकं गरम ठेवलं होतं, मी जानेवारीत बनियनवर बसायचो. सोसायटीत सांगितलंय, तुझ्या आत्याला सांगितलंय. झाकली मूठ राहू दे. पैसे भरून टाक."

मी गाडीतच बसून राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. मी बापाला गारठवलं होतं आणि वर त्याच्याकडेच त्याची पावती मागत होतो. चिंचवडला परत जाऊन तो म्हातारा माणूस घरोघरी माझी अब्रू राखत फिरला होता, आणि मी ग्रुपवर मीटरचे फोटो टाकत होतो.

पैसे भरले. आता कंपनीच्या कागदावर त्या हिवाळ्यात आमचं घर गरम होतं, आणि बाबांच्या सांगण्यातही गरमच होतं. मी थर्मोस्टॅट बावीसवर नेला, बाबांच्या खोलीत तेवीसवर, आणि तिकिटाचे दर बघून त्यांना फोन केला. या डिसेंबरात या, म्हटलं. घर छान गरम ठेवलंय. हवं तितकं वाढवू.

त्यांनी विचारलं, "नवा मीटर बसवला का रे?"

हो, म्हटलं.

"नीट चालतोय?"

अगदी नीट चालतोय, मी स्वतः तपासलाय, असं मी सांगितलं.

"मग नको," ते म्हणाले. "उगाच तुला भुर्दंड."

टोमणा असता तर मी सहन केला असता. पण ते खरंच माझ्या बिलाचा विचार करत होते.