वॉलीच्या टीमचे खरे स्कोअर

मंडळी, हे लिहायला मी पंचवीसहून जास्त वर्षं लावली. कारण सरळ आहे... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा. मी डॉक्टर आहे. सोलापुरात सहा वर्षं प्रॅक्टिस केली, आणि कोणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी आधी विचारायचो, बीपी कधी मोजलं होतं? वैशाली, म्हणजे माझी बायको, अजूनही म्हणते, लिहू नकोस, पेशंट हसतील. हसू देत. साठी उलटली, आता कोणाची भीड बाळगायची?

साल सत्याण्णव, महिना ऑगस्ट, म्हणजे इथली थंडी. आम्ही ऑकलंडला येऊन दीड वर्ष झालं होतं. सँडरिंगहॅममध्ये एका किराणा दुकानाच्या मागे दोन खोल्यांत राहायचो, वैशाली त्याच दुकानात कामाला. आणि मी? इमिग्रेशनला माझी डिग्री चालली, पण इथली रजिस्ट्रेशनची परीक्षा पास होईपर्यंत पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप काय, थर्मामीटरही लावायची परवानगी नव्हती. म्हणून हेन्डरसनमधल्या एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर झालो. आंघोळ घालणे, भरवणे, चादरी बदलणे. तिथली मुख्य नर्स अरोहा, माओरी बाई, धिप्पाड आणि प्रेमळ, ती मला पहिल्या दिवसापासून 'डॉक' म्हणायची. ती चिडवत नव्हती हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी तिच्याशी धड बोललोही नव्हतो.

कॉरिडॉरच्या टोकाला नऊ नंबरची खोली, खिडकी कार पार्ककडे. तिथे वॉली. वय ब्याऐंशी, हार्ट फेल्युअर, डायबेटिसने दोन्ही डोळे गेलेले... उजेड-अंधार कळायचा, बस. जन्म इथलाच, पण उमेदीची तीस वर्षं अमेरिकेत लाकडाच्या वखारीत काढलेली, आणि तिथून एकच गोष्ट बरोबर आणली होती — बेसबॉलचं वेड. त्याची एक टीम होती. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांची आधीच पुरेशी बदनामी झालेली आहे. ती टीम हरायची. नुसती हरायची नाही, घरचं कार्य असल्यासारखी नेमाने हरायची.

तेव्हा इंटरनेट आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. इथल्या पेपरात बेसबॉल म्हणजे कोपऱ्यात एखादी ओळ, तीही कधीतरी. वॉलीसाठी अमेरिकेहून एक साप्ताहिक विमानाने यायचं, दोन-अडीच आठवडे शिळं. त्यात आठवडाभराचे सगळे सामने, कोणाला घेतलं, कोणाला काढलं, कोणाची दुसऱ्या टीमशी अदलाबदल झाली, सगळं बारीक अक्षरात. रोज दुपारी जेवणानंतर मी त्याला एकेक सामना वाचून दाखवायचो. आठवडाभर पुरवून. मग माझी दोन तासांची सुट्टी, ती मी शेजारच्या स्टाफरूममध्ये पुस्तकं घेऊन काढायचो.

जुलैच्या शेवटी वॉली खालावला. पाय सुजले, जेवण सुटलं. आणि त्याच आठवड्याच्या अंकात बातमी आली की त्याच्या लाडक्या पिचरला, म्हणजे आपल्या भाषेत बोलरला, टीमने सोडून दिलं. डावखुरा, चाळिशीला आलेला. वॉली त्याला 'ओल्ड लेफ्टी' म्हणायचा आणि घरचा मुलगा असल्यासारखं त्याचं दुखणंखुपणं विचारायचा. मी ती बातमी पाहिली, वॉलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि वाचून दाखवलं — आज लेफ्टी खेळला, टीम जिंकली.

आता इथल्या माणसाने हे कधीच केलं नसतं. अरोहा तर कॅन्सरसुद्धा पेशंटच्या शेजारी बसून, हात हातात घेऊन, स्पष्ट सांगायची. पण आपल्याकडे कसं असतं? रिपोर्ट मुलाच्या हातात द्यायचा, पेशंटला म्हणायचं, 'काही नाही हो काका, थोडी अशक्तता आहे.' मी स्वतः हे शेकडो वेळा केलं होतं. वॉली त्या दिवशी दोन चमचे सूप जास्त प्यायला. मला वाटलं, वा, औषध लागू पडलं.

मग मी रोजच जिंकवायला लागलो. खोटं खोट्याशी जुळावं म्हणून फार्माकॉलॉजीच्या वहीच्या मागच्या पानावर टिपणं ठेवायचो. त्या पानावर टीमने सलग अकरा सामने जिंकले, आणि त्यातले सहा लेफ्टीने. एकदा तर सलग तीन दिवस. इथे माझ्यातला क्रिकेटवाला आड आला. आपल्याकडे चांगला बोलर रोज बोलिंग टाकतो. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारा पिचर एकदा खेळला की चार दिवस हात टेकवून बसतो, हे कोणत्याही शेंबड्या अमेरिकन पोराला माहीत असतं. मला नव्हतं. वॉलीने मात्र चूक काढली नाही. फक्त म्हणायचा, "लेफ्टीचा हात बराच सुधारलेला दिसतो."

माझी परीक्षा ऑगस्टमधल्या एका शनिवारी होती. त्या काळात आम्ही सोलापूरला दर दुसऱ्या रविवारी फोन करायचो. परीक्षेच्या आदल्या रविवारी केला तर फोन दादाने, माझ्या मोठ्या भावाने घेतला. मागे बरीच माणसं बोलत होती.

"आईला दे."

"आई आत्याकडे गेलीय रे, बार्शीला."

"घरात गर्दी कसली?"

"पाहुणे आलेत. तू अभ्यास कर. परीक्षा झाल्यावर निवांत बोलू."

मला खरंच बरं वाटलं, पंधरा मिनिटं वाचली म्हणून. ही लाज मी आजवर कोणाला सांगितलेली नाही... आज लिहून टाकतो.

शुक्रवारी साप्ताहिकाचा नवा अंक आला. फोडायलाही वेळ नव्हता, आवरणासकट बॅगेत कोंबला. शनिवारी परीक्षा दिली. सोमवारी ड्यूटीवर आलो, वॉलीला जेवू घातलं, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "चला, तुमच्या टीमने पुन्हा कमाल केलीय."

वॉली म्हणाला, "आज तू ऐक. मी सांगतो."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. गुरुवार, हरले, पाच-एक. शुक्रवार, हरले, बारा-दोन. शनिवार, हरले. अधूनमधून एखादा जिंकलेला. कोणाला खालच्या लीगमध्ये पाठवलं, कोण खांदा दुखावून बसलाय, कोणत्या नवख्या पोराला लेफ्टीच्या जागी आणलंय. लेफ्टीला सोडल्याचंही सांगितलं, शांतपणे. पहिल्या आठवड्याचे आकडे मी ओळखले, माझ्याच हातून लपवले गेले होते ते. तो अंक माझ्या घरी होता. दुसऱ्या आठवड्याचे मला माहीतच नव्हते. मी बॅगेतला अंक काढला, त्याच्यासमोर आवरण फाडलं, आणि बोट ठेवून ताडून पाहिलं. सहाच्या सहा सामने बरोबर. रन्ससकट.

"कोणी वाचून दाखवलं?" माझा आवाज चढला होता. आपलं खोटं पकडलं गेलं की माणूस आधी चिडतोच.

"ती बाई. दुपारी येते, तू गेल्यावर. दहा-बारा दिवस झाले."

"कोण बाई?"

"मला दिसतं का? छोटीशी असावी. खुर्चीवर नाही बसत, इथे पलंगाच्या कडेला टेकते. काचेच्या बांगड्या आहेत हातात. इंग्लिश फार येत नाही बिचारीला, आकडे सुटे सुटे वाचते. बाराला 'वन, टू' म्हणते. मला आधी वाटलं दोन सामने आहेत." तो हसला, मग त्याला धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि मी मध्येच दुसरं काही बोलायला लागलो की चादरीवर बोटाने दोनदा टकटक करते. म्हणजे, नीट लक्ष दे."

मी अंक मिटून मांडीवर ठेवला.

माझी आई चौथी शिकलेली. इंग्लिशची एबीसीडी आणि एक ते नऊ आकडे, एवढंच तिला यायचं, तेही मी शिकवलेलं. मी मेडिकलला असताना सुट्टीत घरी आलो की ती माझा पाठ घ्यायची. अॅनाटॉमीचं ते जाडजूड पुस्तक मांडीवर उघडून बसायची, मी म्हणेन तसं एकेक शब्दावर बोट सरकवायची. अर्थ तिला शून्य कळायचा. पण मी एखादी ओळ गाळली की तिचं बोट अडायचं, आणि ती पानावर दोनदा टकटक करायची. पान नंबर विचारला तर सांगायची — 'वन, टू, सेव्हन.' माझी डिग्री त्या बोटाची आहे.

"वॉली," मी म्हटलं, "ती आणखी काय बोलली?"

"तुला सांगू नको म्हणाली होती. दोनच शब्द, तेच पुन्हा पुन्हा. 'आफ्टर एक्झाम. आफ्टर एक्झाम.' झाली ना तुझी परीक्षा?"

"झाली."

"मग घरी फोन कर, बाळा."

अरोहाच्या ऑफिसातून फोन लावला. इथे दुपारचे दोन, म्हणजे सोलापुरात सकाळचे साडेसात. दादाने उचलला. भांड्यांचे आवाज येत होते, गुरुजींचाही आवाज आला.

"दादा, आईला दे."

"अरे, तुझा पेपर..."

"झाला पेपर. आईला दे."

दादाला मी त्याआधी कधी रडताना ऐकलं नव्हतं. आईला बारा दिवसांपूर्वी, बुधवारी पहाटे हार्ट अटॅक आला होता. हॉस्पिटलात चार-पाच तास शुद्धीवर होती, मग गेली. तिनेच सगळ्यांना शपथ घातली की त्याला परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, त्याचं वर्ष वाया जाईल. दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तिनेच सांगितलं रे, मी काय करू..." त्या दिवशी तेरावा होता. मी त्याच्यावर ओरडलो. नको ते बोललो. ज्या गोष्टीसाठी भावाला शिव्या दिल्या, तीच मी शेजारच्या खोलीत दोन आठवडे करत होतो, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. नंतर आलं, आणि मग मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, सोड. पण तो ते विसरला नाही, आणि मीही नाही.

अरोहाने मला बसवलं, चहा दिला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी तिला वॉलीचं सांगितलं. तिने व्हिजिटर्सचं रजिस्टर काढलं. वॉलीला भेटायला दोन वर्षांत कोणी आलेलं नव्हतं. पण ती म्हणाली, गेले काही दिवस दुपारी त्याच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा, आम्हाला वाटलं म्हातारा एकटाच बडबडतोय. तिला काही फारसं नवल वाटलं नव्हतं. म्हणाली, "तुझ्या माणसांपैकी कोणी आलं असेल, डॉक."

मी स्वतःशी खूप वाद घातला. लेफ्टीला मी तीन दिवस सलग खेळवलं, तिथेच वॉलीला खोटं कळलं असणार, मान्य. पण खरे स्कोअर? बंद आवरणातले? रेडिओवर बेसबॉल लागत नव्हता. दुसरा अंक आख्ख्या हेन्डरसनमध्ये कोणाकडे असेल असं वाटत नाही. आणि ते दोन शब्द. माझी परीक्षा आहे हे वॉलीला माहीत होतं, पण माझी आई गेली हे तर मलाच माहीत नव्हतं.

ज्या परीक्षेसाठी हे सगळं लपवलं गेलं, त्या परीक्षेत मी नापास झालो. दोन मार्कांनी. पुढच्या वर्षी पास झालो, आज ऑकलंडमध्येच फ्लॅट बुशला स्वतःचं क्लिनिक आहे, पण त्या निकालाचं पत्र हातात घेऊन मी कार पार्कमध्ये लहान मुलासारखा रडलो होतो. आईला निदान हे तरी मिळायला हवं होतं.

वॉली ऑक्टोबरमध्ये गेला. टीम शेवटून दुसरी आली होती, ते मी त्याला खरंखरं वाचून दाखवलं. ती बाई त्या सोमवारनंतर पुन्हा आली नाही. तो कधीकधी दुपारी दाराकडे कान देऊन पडायचा. मीही त्याच्याजवळ बसून राहायचो, पुस्तकं बॅगेतच ठेवून.

ती कशी आली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता मिळेल असंही वाटत नाही, आणि तुमच्यापैकी कोणी मला ते समजावून सांगू नये ही विनंती. मला छळतं ते वेगळंच. रोज दुपारी ती त्या पलंगाच्या कडेला बसायची, तेव्हा मी भिंतीपलीकडे होतो. बारा फुटांवर. कानात बोटं घालून पाठांतर करत होतो, कारण पलीकडून वॉलीच्या बोलण्याचा आवाज यायचा आणि माझं लक्ष उडायचं.

शेवटी शेवटी मी वॉलीला एकदा विचारलं. ती माझी आई होती, मग तुझ्याकडे का आली, माझ्याकडे का नाही?

त्याने माझा हात चाचपडत शोधला. म्हणाला, "मीही तिला तेच विचारलं होतं. ती म्हणाली, 'सन बिझी.'"