लिंबाजीमामांचा डावा पाय

लिंबाजीमामांचा डावा पाय कधी स्वस्थ नसे. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसले तरी पंजा आपला खालीवर चाललेला. आयुष्य मेंढरांची पिकअप चालवण्यात गेलं. क्लच दाबल्याशिवाय यांचा घास खाली उतरत नाही, असं मी त्यांना चिडवायचो. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसून काय व्हतंय?" मुकुंदवाडीत आमची भिंतीला भिंत लागून घरं. मी शाळेत शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत आणि हाताच्या कामात हा माणूस कुचकामी, असं मनोमन धरून चालत. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

एका सकाळी निरोप आला. बिडकीनच्या पलीकडे एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, तिथे त्यांचे थोरले भाऊ दगडूबा पाण्याच्या चारीत पडले होते. गुडघ्याजवळ हाड मोडलेलं, पाय काळानिळा पडत चाललेला. त्या शेतापर्यंत दुसरी कुठली गाडी जायला तयार नव्हती. मामांची पिकअप दारात उभी होती, पण आदल्या दिवसापासून तिचं क्लचचं पेडल दाबलं की खाली टेकायचं आणि तिथेच राहायचं. क्लचच्या सिलिंडरमधल्या रबरांचं नवं किट त्यांनी आणून ठेवलं होतं. मिस्त्रीची वाट बघतील तर ते मामा कसले? पाय बाहेर, डोकं पेडलखाली, असे शिरले आणि तो सिलिंडर सोडवू लागले.

मीही सरसावलो. नव्या रबरांना पांढरी भुकटी लागली होती. ती धुऊन द्यावीत असं माझ्या डोक्यात आलं. आमच्या गल्लीत सायकलच्या चेनपासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळं रॉकेलनेच धुतलं जाई. घरातून वाटी आणली, रॉकेल ओतलं आणि साबुदाणा घालावा तशी रबरं भिजत घातली. मामा बाहेर आले तेव्हा ती पुसून त्यांच्या हातावर ठेवली. शाबासकीची वाटही पाहिली.

सिलिंडर बसला, ऑइल भरलं. मी पेडल दाबायचं आणि त्यांनी खालून नळीत अडकलेली हवा सोडायची, असं ठरलं. मी दाबलं. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मामांनी सगळं पुन्हा उघडलं. रबरं फुगून आत अडकली होती. एक ओढून काढून त्यांनी नाकाशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. रॉकेलने ही रबरं फुगतात, हे मला तेव्हा कळलं.

ते ओट्यावर बसले. त्यांचा डावा पाय थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चला मास्तर. बसून काय व्हतंय?"

शहरातून दुसरं किट आणून बसवेपर्यंत दुपार झाली. दगडूबा वाचले, पण पाय काढावा लागला. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी मामांच्या शेजारीच उभा होतो. पुढे इतकी वर्षं आम्ही शेजारी राहिलो, मामांनी त्या वाटीचं नावही काढलं नाही. मी मात्र दगडूबा आले की मागच्या दाराने सटकायचो.

मामा गेले. दहाव्याला दगडूबा कुबडी टेकत आले आणि नेमके माझ्याजवळ बसले.

"लई घाईचा व्हता लिंबा," ते म्हणाले. "घाईघाईत रबरं रॉकेलात टाकली म्हनं त्यानं. मरंस्तोवर सोताच सांगायचा अन् माज्या पायाकडं बघून रडायचा. म्या म्हनायचो, जाऊ दे, भावाच्याच हातनं झालं, परक्याच्या नाय."

मी उठायला निघालो होतो. पुन्हा खाली टेकलो.

"दगडूबा," मी म्हणालो, "ती रबरं मी भिजत घातली होती."