किसनमामा आणि हळद प्यालेला ट्रॅक्टर

"वहिनी, इंजिनात डाळ शिजत ठेवली होती काय?"

आमच्या आईला पहिल्याच भेटीत हे विचारणारा माणूस आज सकाळी गेला.

किसनमामा. अंबरनाथ पूर्वेचा. एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्याही इंजिनात हात घालायला तयार. त्याची बहीण अनुसयाकाकी आमच्या गावच्या बौद्धवाडीत दिलेली, म्हणून तो अख्ख्या गावाचा मामा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बारवी धरण जवळ, आणि मे महिन्यात आमच्या विहिरीत चिखल. काय बोलणार!

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला होता. टँकर जोडून मी नदीवरून पाणी आणायचो. गावाचं पिण्याचं पाणी त्या एका टँकरवर.

आणि त्या वर्षी ट्रॅक्टरच पाणी प्यायला लागला.

दर खेपेला रेडिएटर अर्धा रिकामा. जमिनीवर थेंब नाही. चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात, मी बादलीने पाणी ओततोय, आणि गावात बायका हंडे घेऊन ताटकळतायत.

कुणा ट्रकवाल्याने सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, फट बुजते. आईने डबाच उपडा केला.

काही उपयोग नाही. बदलापूरच्या एका मेकॅनिकने लांबूनच निकाल दिला, "हेड क्रॅक झालंय. भंगारात घाला."

दादांनी गिऱ्हाईकसुद्धा बघितलं. पण मग गावाने प्यायचं काय?

तेव्हा अनुसयाकाकीने भावाला बोलावलं.

मामाने झाकण उघडलं, पिवळंधमक पाणी बघितलं आणि आईला तो डाळीचा प्रश्न विचारला. आई आधी चिडली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

इंजिन चालू करून मामा रेडिएटरमध्ये बघत बसला. "बुडबुडे नायत. हेड फुटलं असतं तर आले असते." मग ऑइल मोजायची पट्टी काढून ऑइल बोटावर चोळलं. "काळंच हाय. पाणी आत शिरलं असतं तर दुधाच्या चहासारखं झालं असतं. हेड-बिड एकदम ओके हाय भाऊ, खालीपिली टेन्शन घेताय."

"मंग पानी जातं कुठं?" दादा म्हणाले.

"इंजिनच सांगेल. आधी त्याला आंघोळ घाला."

रॉकेल आणि ब्रश घेऊन आम्ही सगळा जुना मळ काढला. मग मामा मला म्हणाला, "आता भरलेला टँकर घेऊन चढावर चल. रिकाम्या गाडीला काय कळतंय!"

मडगार्डवर माझ्या शेजारी बसला. वर पोचताच उडी मारून पंख्यामागे डोकावला आणि ओरडला, "ही बघ वहिनींची हळद!"

वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून पिवळी रेघ उतरली होती. पंपाचं सील गेलेलं. लोड आला की पाणी बाहेर यायचं आणि तापलेल्या इंजिनवर तिथेच वाफ होऊन जायचं. खाली थेंब दिसणार कसा?

सीलचं किट आणायला उल्हासनगर कॅम्प एकला गेलो. दुकानदार अख्खा पंप गळ्यात मारायला बघत होता. मामा म्हणाला, "सेठ, सर्दी हुई है, ऑपरेशन मत बताओ."

सील बसलं. रेडिएटर धुऊन हळदही काढली. दादांनी विचारलं, "किसन, तुला काय देऊ?"

मामा नट आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "आजचा पहिला टँकर बौद्धवाडीत लावा."

टँकर आधी देवळापाशी लागायचा, मग वरच्या आळीत, आणि बौद्धवाडीत शेवटी. तिथे पोचेपर्यंत तळाचं गढूळ पाणी उरायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलायचं कुणी नाही.

दादांनी ट्रॅक्टरची किल्ली काढली. मग मला म्हणाले, "घे गाडी तिकडं."

देवळापाशी एकजण आडवा आलाच. "टँकर पयला हितं लागतो, ठावं नाय काय?"

दादा म्हणाले, "ज्यानं ट्रॅक्टर जगवला, त्याच्या बहिणीचा हंडा आधी भरंल."

अनुसयाकाकीच्या हंड्यात स्वच्छ पाणी पडत होतं. ती भावाकडे बघत होती. आणि आमचा बडबड्या मामा उगाच चाकाचे नट तपासत होता.

दुसऱ्या दिवशी मी दादांना विचारलं, "आज आधी कुठे लावू?"

दादा म्हणाले, "काल कुठं लावला व्हता?"

गावात नळ येईपर्यंत तो तिथेच आधी लागला.

मामा, तू आमचा ट्रॅक्टर वाचवलास. माझ्या बापाला एक चांगलं काम करायला लावलंस. दोन्हीसाठी आम्ही तुझे ऋणी आहोत.

शेवटचा जय भीम, मामा.