तायि मिस

बेंगळुरूत मला नावं पुष्कळ मिळाली. शाळेत मी मिस. बिल्डिंगमध्ये आंटी. सासरी अक्का, कारण सासरची माणसं कैक पिढ्यांपासून इथलीच मराठी; त्यांच्या चहात 'स्वल्प साखर' पडते आणि घरातल्या थोरल्या बाईला सगळेच अक्का म्हणतात. पोटचा मुलगा ममा म्हणतो, तेही मी चार वेळा ओरडल्यावर. ताई मात्र कुणी म्हणत नव्हतं. निपाणीजवळच्या माझ्या माहेरी मी भावंडांत थोरली, त्यामुळे उठल्यापासून झोपेपर्यंत ताई, ताई, ताई. तेव्हा इतकी वैतागायचे की काय सांगू! 'काय मेली कटकट' म्हणत माळ्यावर जाऊन बसायचे. आणि इथे बनशंकरीच्या घरात, मेट्रोत, वर्गात वर्षामागून वर्षं गेली आणि माझे कान त्या एका हाकेला आसुसलेत, हे मला स्वतःलाही कळलं नव्हतं.

आमची शाळा महादेवपुऱ्याच्या पलीकडे आहे. सरकारी, पहिली ते पाचवी, कन्नड माध्यमाची. माध्यम कन्नड म्हणायचं एवढंच, कारण घरी कन्नड बोलणारी मुलं थोडकीच. बाकीची ओडिशाची, बंगालची, बिहारची, आंध्रातली. शाळेच्या चहूबाजूंनी उंच उंच इमारती चढत असतात आणि त्या बांधणाऱ्यांची मुलं आमच्याकडे शिकतात. इमारत पुरी झाली की आईबाप पुढच्या इमारतीकडे निघतात आणि मुलंही त्यांच्यामागून जातात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा माझ्या वर्गातली एक अख्खी रांग रिकामी झाली तेव्हा मी मुख्याध्यापिकांशी जाऊन भांडले होते, जणू त्यांनीच पोरांना हाकलून दिलं. त्या बिचाऱ्या नुसत्या म्हणाल्या, "सवय होईल." झाली नाही ती अजून.

आता आमच्या शाळेला लोक हिरवी शाळा म्हणतात, बघायला येतात. छतावरचं पावसाचं पाणी टाकीत जातं. हात धुतलेलं पाणी पन्हाळीतून केळींना. ताटातलं उष्टं खड्ड्यात, आणि खड्ड्यातलं खत वाफ्यांना. प्लास्टिकला गेटच्या आत बंदी. एकदा माझ्याच पर्समधली शॅम्पूची पुडी तिसरीतल्या पोरींनी पकडली आणि मला वर्गासमोर कान धरायला लावले. पण खरं सांगू का, यात सुरुवातीला कसला थोर विचार वगैरे नव्हता. नळाला पाणीच यायचं नाही! जे होतं ते पुरवून वापरणं भाग होतं. मधूनमधून व्हाइटफील्डच्या कंपन्यांतली मंडळी एकसारखे टीशर्ट घालून यायची, रोपं लावायची, फोटो काढायची आणि बाय बाय करून जायची. मग त्या रोपांना पाणी कोण घालणार? आम्हीच की.

बागेत प्रत्येक झाडाला एक पाटी आहे. पाटीवर त्या झाडाचं नाव, वर्गातल्या मुलांच्या घरी जे जे म्हणतात ते सगळं, ज्याच्या त्याच्या लिपीत. नियम एकच: ज्याच्या घरी तो शब्द चालतो त्या मुलानंच तो लिहायचा. टाकीजवळच्या झाडावर नुग्गे होतं, मुनगा होतं, सहजन होतं, सजना होतं. शेवगा नव्हतं. माझ्या हाताला खाज सुटायची, पण नियम मीच केलेला, मोडणार कशी? शाळेत मराठी मूल नव्हतं.

मग एका जूनमध्ये ती आली. तिसरीत. दोन वेण्या, तेलानं चप्प बसवलेले केस, आणि डोळे असे की आत्ता रडेल की आत्ता भांडेल ते सांगता येऊ नये. आटपाडीकडची. वडील सेंट्रिंगचं काम करायचे, आई त्यांच्याच हाताखाली, आणि तिघं पत्र्याच्या शेडात राहायची. पहिले काही दिवस ती तोंडातून शब्द काढेना. ओडिया मुलं 'पाणि' म्हणाली की तेवढी चमकून बघायची, आपलंच कुणी बोललं की काय म्हणून, आणि पुन्हा मान खाली. माझ्याकडे तिचा दाखला आलेला होता, पण मी मुद्दामच गप्प होते. लाजाळूच्या झाडाला बोट लावू नये तसं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ती त्या झाडाखाली उभी राहिली, मान वर करून. आणि कुणाला उद्देशून नाही, झाडालाच म्हणाली, "आता गं बया! ह्यो तर शेवगा."

मी मागे उभी होते. म्हटलं, "शेवगाच तो. लिहितेस का पाटीवर?"

पोरगी गर्रकन वळली. मिसच्या तोंडून मराठी! तिचा चेहरा असा उजळला की आजही डोळ्यांपुढे आहे. म्हणाली, "ताई, ह्येच्या शेंगा कोण काडतं?"

गावाकडे अंगणवाडीच्या बाईंना ती ताई म्हणायची, म्हणून मलाही ताई. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. माझं मात्र भान हरपलं. मी शेंगांचं काहीतरी उत्तर दिलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एन आयतु?" काय झालं म्हणून. आता काय सांगणार त्यांना? डोळ्यांत कचरा गेला म्हटलं.

गंमत पुढेच आहे. कन्नडात तायि म्हणजे आई. घरी पोरं अम्मा म्हणतात, पण पुस्तकात, धड्यात, कवितेत आई म्हणजे तायि. झालं! ती दिवसभर 'ताई, ताई' करत माझ्यामागे फिरायची आणि अख्ख्या शाळेची खात्री पटली की ही मिसची मुलगी. आठवडाभर माझ्या कानावर नव्हतं. मग एकदा झारी कुणी घ्यायची यावरून भांडण लागलं आणि एक तेलुगू पोरगी कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, "तिलाच देणार तुम्ही. स्वतःची मुलगी ना!"

मी हसता हसता खालीच बसले. मग फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, समजावलं. मराठीत ताई म्हणजे आई नव्हे रे बाबांनो, ताई म्हणजे अक्का. सगळे एका सुरात म्हणाले, "सरि मिस," म्हणजे बरं मिस. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "तुझी तायि बोलावतेय बघ!" पहिलीतल्या पिल्लांना तर काहीच फरक पडला नाही. मी पुन्हा समजावलं. पुन्हा 'सरि मिस'. कप्पाळ माझं! किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

ती स्वतः मात्र यावर काहीच बोलायची नाही. आपली तिची कामं चालू. शेवग्यावर तिचा भारी जीव. पाटीवर तिनं तिरक्या अक्षरात 'शेवगा' लिहिलं, ग जरा मोठाच झाला. दुपारी ताटं धुवून झाली की केळींकडे जाणाऱ्या पाण्यातलं थोडं ती हळूच शेवग्याकडे वळवायची आणि मी पाहिलं की म्हणायची, "केळीला लई झालंय वो ताई, ती काय पवती का काय?" आम्ही दोघी शेंगा काढायचो, ती टाकीवर चढून, आणि मी खालून तिला माहेरकडचं काहीबाही सांगायचे. वर्गात मी कन्नडच बोलायचे, तिचंही कन्नड बघता बघता इतकं पक्कं झालं की उच्चारावरून तीच माझी चेष्टा करायला लागली. पण झाडाखाली आमचं मराठी. दिवसातला तेवढा वेळ मी कुणाची मिस नव्हते, अक्का नव्हते.

तिची आई पहिल्यांदा शाळेत आली ती एका शनिवारी; शनिवार आमचा बागकामाचा दिवस. तिनं लेकीची चौकशी केली, तर गेटवरच्या एका चिमुरडीनं सांगितलं, तिची तायि आत आहे, झाडांना पाणी घालतेय. इतकी वर्षं इकडच्या साइटवर काढलेली बाई, तायि म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती ताडताड आत आली. साडीच्या काठाला सिमेंट, डोक्याला बांधलेला टॉवेल तसाच. टाकीपाशी उभी राहून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीची आई कोण हाय हितं, जरा बघू द्या की मला!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, ताई, तायि, फळा, सगळं. ती ऐकत राहिली. आणि मग अशी हसली, अशी हसली की टाकीला टेकून बसली. डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, ह्या पोरीनं दुसरी आई धरली का काय!" त्या दिवसापासून तीही मला ताई म्हणू लागली. वयानं माझ्याहून लहान नसेल फारशी, पण जाऊ दे. मला तर तेच हवं होतं. आता माहेर दर शनिवारी चालत शाळेत यायचं.

ती पाचवीत गेली आणि त्याच पावसाळ्यात समोरच्या इमारतीला, तिचे आईबाप कामाला होते तिला, रंग लागायला लागला. रंग लागला की काम संपत आलं, हे आमच्या शाळेत पहिलीतलं पोरही सांगेल. खिडकीतून तो पिवळा रंग मजल्यामजल्यानं खाली उतरताना दिसायचा आणि माझा जीव टांगणीला लागला. पाचवी पुरी व्हायला अजून निम्मं वर्ष होतं. पुढच्या गावी शाळा मिळेल न मिळेल, भाषा कुठली, कुणी सांगावं. एवढी हुशार पोर! असं मी सगळ्यांना सांगत होते. आणि ते खरंही होतं. पण मनात त्याच्याखाली दुसरंही होतं: ही गेली की मला पुन्हा ताई कोण म्हणेल?

घरी विषय काढला. नवरा म्हणाला, "सरि. आण तिला. स्वल्प गर्दी होईल, होऊ दे." मुलगासुद्धा आपलं टेबल द्यायला तयार झाला. मी मनातल्या मनात तिच्यासाठी पांघरूण काढून उन्हात घातलंसुद्धा.

शनिवारी तिची आई दाखला मागायला आली. चेन्नईकडे कुठेतरी नवं काम होतं. मी म्हटलं, "पोरीला माझ्याकडे ठेवा. पाचवी होऊ दे, एप्रिलमध्ये घेऊन जा. माझ्या घरी राहील, माझ्याबरोबर शाळेत येईल."

ती हातातला टॉवेल पिळत राहिली. मग म्हणाली, "तिलाच इचारा, ताई. ती व्हय म्हनली तर माझी ना न्हाय." पण तोंड पार उतरलं होतं बाईचं.

पोरगी शेवग्याखाली होती. मी तिला विचारलं. आपण किती लाडीगोडीनं विचारतोय हे माझं मलाच ऐकू येत होतं. घर सांगितलं, टेबल सांगितलं, मेट्रोनं रोज येऊ म्हणून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. आणि मग, मला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही अशा चेहऱ्यानं म्हणाली, "अवो ताई, ताईकडं कुटं कोन ऱ्हातंय? ताईकडं सुट्टीला जात्यात. ऱ्हायाचं आईजवळ."

तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "होय की गं. खरंच की."

त्या अख्ख्या शाळेत एकट्या तिला तो शब्द नीट कळला होता. मी दोन-अडीच वर्षं पोरांच्या डोक्यात घालत होते, ताई म्हणजे आई नव्हे, ताई म्हणजे आई नव्हे. आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात काही ते शिरलं नव्हतं. शाळेतल्या मुलांची ती चूक मला मनातून फार आवडून गेली होती. इतकी, की मी त्या चुकीवर विसंबून पांघरूण उन्हात घातलं.

जाताना तिनं शेवग्याची एक फांदी मागून घेतली, जाडशी, लावली की जगेल अशी. आम्ही ती ओल्या पोत्यात गुंडाळली. गेटपाशी ती म्हणाली, "येते ताई. सुट्टीला येते." आणि आईचं बोट धरून निघाली. रिक्षात बसेपर्यंत फांदी एकदाही खाली ठेवली नाही पोरीनं. काही दिवस तिच्या आईचा फोन लागायचा. लावली का फांदी, विचारलं तर म्हणाली, लावली, पाला फुटलाय. मग नंबर बदलला असावा. आता दुसऱ्याच कुणाला तरी लागतो आणि तो माणूस तमिळमध्ये चिडतो.

शाळेत मात्र ताई मागे राहिली. लहानांनी ती उचलली, त्यांच्याकडून नव्यांनी. आता ओडिया, बंगाली, बिहारी, सगळी पोरं मला तायि मिस म्हणतात. नव्या मुलांना ते माझं नावच वाटतं. दिवसभर ती हाक कानावर पडते, आणि एकाच्याही तोंडी ती मराठी नाही. मी आता कुणाला समजावत बसत नाही.

शेवग्याच्या पाटीवरचा तिचा शब्द उन्हानं फिका पडलाय. पोरं म्हणतात, मिस, आम्ही गिरवतो. मी हात लावू देत नाही. ज्याच्या घरचा शब्द त्यानंच लिहायचा, नियम म्हणजे नियम.

दसऱ्याची सुट्टी लागते, मग एप्रिल-मेची. झाडांना पाणी घालायला शेजारच्या गल्लीतल्या मुलांच्या पाळ्या लावलेल्या असतात, ती घालतातही नेमानं. तरी मी बनशंकरीहून मेट्रो धरते. नवरा दारात येऊन म्हणतो, "सुट्टीत तरी स्वल्प घरी बस की. आता कोण येणार आहे शाळेत?"

"सुट्टीतच येतात," मी म्हणते आणि चपला घालते.