दसऱ्याला शिक्क्याची पूजा

दसरा. सकाळी झिमझिम, दहानंतर लख्ख ऊन.

त्या दिवशीच्या डायरीत हवामानाखाली मी एकच ओळ लिहिली आहे: आजपासून मी नोटरी.

नोटरी होऊन मी काय दिवे लावले, ते आता ऐका. चहा गार होऊ देऊ नका, गोष्ट तशी लहान आहे.

आमचं गाव जपानच्या डोंगरात. टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या माझ्या मराठी मैत्रिणी विचारतात, "शुभदा, तिथे दुकान तरी आहे का गं?" दुकान आहे. नोटरी मात्र नव्हता. एका सहीसाठी म्हाताऱ्या माणसांनी आधी बस, मग ट्रेन पकडून शहर गाठायचं. म्हणून नवा कायदा आला: छोट्या गावाच्या नगराध्यक्षाने आपल्याच कर्मचाऱ्यांतून एकाला नोटरी नेमावं, पण ठरावीक कामापुरतं. आमच्याकडे ते काम म्हणजे ओस पडलेली किंवा पडू घातलेली घरं. घर कुणाला द्यायचं असेल तर मालकाने माझ्यासमोर सही करायची आणि मी शिक्का मारायचा. बाकी लग्न, मृत्युपत्र, जामीन, कशाला हात लावायचा नाही.

आणि नेमलं कुणाला? हिरोशीशी लग्न करून सांगलीहून आलेल्या आणि आता कागदोपत्री जपानी झालेल्या मला. सगळे नियम मी कांदा चिरता चिरता पाठ केले होते. नगराध्यक्षांनी सगळ्यांसमोर लाकडी डबीतला कोरा करकरीत चौकोनी शिक्का माझ्या हातात ठेवला.

आता तुम्हीच सांगा, सांगलीच्या बाईच्या हातात ऐन दसऱ्याला नवं हत्यार आलं, तर ती काय करील?

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी टेबलावर रुमाल पसरला. घरच्या पूजेची पुडी पिशवीत होतीच. शिक्क्याच्या तोंडाला ओलं हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार केला आणि सगळं नीट पुसून घेतलं.

दुपारी आमचे विभागप्रमुख एंदो-सान नमुन्याचं कार्ड घेऊन आले. त्यावर पहिला ठसा मारून जिल्ह्याला पाठवायचा, आणि पुढचा प्रत्येक ठसा तिथे त्याच्याशी ताडून बघतात. मी ठसा मारला.

"सुंदर," एंदो-सान म्हणाले. ते असं सहसा म्हणत नाहीत.

पुढच्या सोमवारी पहिलं काम घेऊन ओकादा आजी आल्या. शुक्रवारी मुलगी त्यांना कायमची सप्पोरोला नेणार होती. त्याआधी त्यांना आपलं घर एका तरुण जोडप्याला द्यायचं होतं. ती दोघं तिथे पाव भाजणार होती.

"आजी, ओळखपत्र दाखवा."

"शुभदा-सान, परवा तुला मुळे कुणी दिले?"

"तुम्हीच. पण ओळखपत्र लागतं."

"मग मुळे परत कर."

कुरकुरत का होईना, त्यांनी ओळखपत्र काढलं, सही केली. मी छाती फुगवून शिक्का मारला.

बुधवारी जिल्ह्याचा फोन आला. ठसा नमुन्याशी जुळत नाही. शिक्का बनावट असल्याचा संशय आहे.

एंदो-साननी भिंगाखाली दोन्ही ठसे धरले. आमच्या गावाच्या नावात एक अक्षर आहे, त्याचा अर्धा भाग भातशेतासारखा, चार वाफ्यांचा. नमुन्यात त्यातला एक वाफा लाल भरलेला होता. आजींच्या कागदावर चारही रिकामे.

"मध्ये मी शिक्का ब्रशने साफ केला," एंदो-सान म्हणाले, "तेव्हा एक पिवळा कण पडला होता. धूळ असेल म्हणून टाकला."

"धूळ नव्हती," मी म्हणाले. "तांदूळ होता."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "शिजलेला?"

"कच्चा."

आजींना मी म्हटलं, शहरात नोटरी आहे, गाडीने नेऊन आणते. त्यांनी नकाराची मान हलवली. "आमच्या गावाची नोटरी आहे ना? मग मी कशाला जाऊ? तूच जा जिल्ह्याला."

गुरुवारी एंदो-सान आणि मी शिक्का घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत. तिथल्या अधिकाऱ्याने माझा लेखी खुलासा दोनदा वाचला.

"पूजा म्हणजे यंत्राची देखभाल का?"

"आमच्याकडची, हो."

"तांदळाचं सिद्ध करून दाखवता येईल?"

तांदूळ आणायचा कुठून? एंदो-साननी बॅगेतून कोंबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, ओनिगिरी काढला, भाताचा त्रिकोणी गोळा, त्यातलं एक शीत वेगळं केलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. अख्ख्या कचेरीसमोर मी ते टाचणीने शिक्क्याच्या वाफ्यात बसवलं. मागच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. कोऱ्या कागदावर ठसा मारला.

अधिकाऱ्याने तो नमुन्याशेजारी ठेवला. "जुळतो," तो म्हणाला. मग मला बेसिन दाखवलं.

शिक्का धुऊन नवा नमुना दिला, तो त्याच दिवशी मंजूर झाला. शुक्रवारी सकाळी ओकादा आजींचं घर त्या जोडप्याच्या नावावर झालं आणि दुपारी आजी सप्पोरोला गेल्या. सोमवारी नगराध्यक्षांच्या सहीने गावाच्या शिक्का-नियमावलीत एक कलम वाढलं: "शिक्क्याला कच्चा तांदूळ अथवा शिजलेला भात लावू नये."